खंडेनवमीला हात लावलेला लॅपटॉप

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं-यंत्रं पुजतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वडील देवासच्या कारखान्यातले, त्यामुळे पाटावर त्यांचे पाने-पक्कड आणि शेजारी माझा लॅपटॉप. आईने तो ओल्या फडक्याने चांगला रगडून पुसला, कुंकू लावलं.

त्यात धारच्या आत्याबाईंनी गायलेला पाळणा होता. गळ्याचा कॅन्सर, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढायचं होतं, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात मी तो रेकॉर्ड केला होता. आता त्यांचा आवाज गेला होता आणि नातवाचं बारसं दसऱ्याला होतं.

दुपारी मला राहवलं नाही. लॅपटॉप उघडला, तर वायफाय बंद. लिनक्सवर वायफायचा ड्रायव्हर चालवायला मी आठ दिवस डोकेफोड केली होती! माझं टाळकंच सरकलं.

आई म्हणाली, "अरे, आज नको. त्यात वन्संचा आवाज आहे."

"तुझ्या कुंकवाने ड्रायव्हर चालतो का?" मी खेकसलो. ती निरांजनात तेल घालायला लागली.

ड्रायव्हर काढला, घातला, परत काढला. इंदूरच्या मित्राला फोन केला. "भिया, लिनक्स की नई सीडी डाल दे, ड्रायव्हर अंदर ही है." रेकॉर्डिंग डिस्कच्या वेगळ्या भागात सुरक्षित आहे, याची मला खात्री होती. सीडी घालून लिनक्स नव्याने बसवायला घेतलं. मध्येच स्क्रीनवर विचारलं गेलं, पूर्ण डिस्क पुसून वापरायची का? रागाच्या भरात नीट न वाचताच हो दाबलं.

तरी वायफाय बंदच. मग लॅपटॉपच्या पुढच्या कडेला बोट लागलं. तिथे वायफायचं सरकवायचं बारीक बटण होतं, पुसताना बंद झालेलं. सरकवलं, निळा दिवा लागला. म्हणजे जुना ड्रायव्हर धडधाकटच होता. आणि तेव्हा पाळणा आठवला. संध्याकाळपर्यंत डिस्क धुंडाळली, काही म्हणजे काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धारला बायका पाळण्याभोवती जमल्या. गळ्याला पट्टी बांधलेल्या आत्याबाईंनी मला हाताने खुणावलं, लाव.

"आत्याबाई, माझ्या हातून पुसलं गेलं."

त्यांनी मांडीवरची पाटी ओढली, पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आणि माझ्यापुढे धरली. "सगळं?"

मी मान हलवली. त्यांनी पाटी पालथी ठेवली आणि पाळण्याची दोरी ओढायला लागल्या. ओठ हलत होते, बाळ त्यांच्याकडे बघत होतं.