काऊनमावशीचा साफ फोटो

शकुंतलामावशीला काहीही सांगा, तिचा पहिला शब्द ठरलेला: "काऊन?" म्हणजे, का? गोळी जेवणानंतर घ्यायची, काऊन? श्वास रोखून धरायचा, काऊन? मी तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढायचे. दोन भेटींतच आमच्या खोलीत तिचं नाव काऊनमावशी पडलं. तिला ते कळलं तेव्हा म्हणाली, "चांगलं हाये. निदान उत्तर तरी देत जा."

धामणगाव बढ्याच्या अलीकडे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची एक भट्टी होती. मावशी तिथं सात वर्षं राबत होती. तोंडाला ओढणी, तेवढंच संरक्षण. संध्याकाळी मालक प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळानं छातीतला धूर निघून जातो म्हणायचा. एके दिवशी मावशीनं तो खडा त्याच्याच टेबलावर परत ठेवला. "शेठ, गूळ पोटात जाते, धूर छातीत जाते. दोघांची गाठ कुठं पडते, ते तं सांगा."

मालकानं तिचं तोंड बंद करायला सगळ्या कामगारांचे एक्स-रे काढून आणायला लावले. ते मीच काढले. जवळपास सगळे साफ निघाले. मालकानं ते गेटवर टांगले आणि भट्टीत कुणालाच काही होत नाही, असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी मावशी गेटवरचा आपला एक्स-रेचा फोटो काढून घेऊन आमच्या डॉक्टरांसमोर उभी राहिली. "फोटो साफ, मंग माया हातातून परात काऊन सुटते? पोटात कळा काऊन येतात?"

डॉक्टरांनी तिला बसवलं. म्हणाले, "मावशी, श्वासनळीत बारीक केसांसारखे तंतू असतात. जाड धूळ ते कफाबरोबर वर ढकलतात, ती आपण थुंकतो नाहीतर गिळतो. पण वितळलेल्या शिशाचा धूर फार बारीक. तो खोल जातो, तिथं विरघळतो आणि रक्तात उतरतो. रक्तातून हाडांत जाऊन वर्षानुवर्षं बसतो. म्हणून फोटोत तो दिसत नाही."

मावशीनं फोटो उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "म्हंजे छाती साफ दिसते, कारण तिनं सगळा कचरा रगतात लोटला. मंग रगत तपासा. सगळ्याईचं."

सगळ्यांना तयार करणं सोपं नव्हतं. कामावरून काढतील ही भीती होती. मावशी घरोघर फिरली, तोच फोटो दाखवत, डॉक्टरांचं म्हणणं आपल्या भाषेत सांगत. शेवटी बाया-माणसं रांगेनं दवाखान्यात आली. नमुने बाहेरगावी गेले. अहवाल आले तेव्हा एकाचंही रक्त शिशापासून सुटलेलं नव्हतं. मावशीचं सर्वांत वाईट होतं.

डॉक्टरांनी ते अहवाल सरकारकडे पाठवले, तेव्हा चौकशीला अधिकारी आले. मालक त्यांना ऑफिसात चहा पाजत म्हणाला, "साहेब, इथं वारा मोकळा आहे, धूर राहतच नाही."

दारातून मावशी बोलली, "मंग शेठ, तुमचं ऑफिस वारा जिकडून येते त्या अंगाला काऊन बांधलं? या ना, आमच्याकडं बसा एक दिवस."

अधिकाऱ्यांनी चहा तसाच ठेवला आणि ते भट्टीकडे गेले. धूर ओढणारं यंत्र आलं. चांगले मास्क आले. घरी जाण्याआधी आंघोळ करून कपडे बदलायला खोली झाली. दर काही महिन्यांनी रक्ततपासणी सुरू झाली. आणि महिनाभरात मालकानं मावशीला कामावरून काढलं.

मी हळहळले, तर माझ्यावरच खेकसली. "रडून काऊन राह्यली, म्याडम? मी बाहेर आली, यंत्र तं आत गेलं ना!"

कामातून सुटल्यावर तिच्या रक्तातलं शिसं उतरलं, पण हाडांतलं झिरपत राहिलं. मूत्रपिंडं थकली. गेल्या हिवाळ्यात ती गेली.

अंत्ययात्रेला मी गेले होते. पांढरे कपडे घालून भट्टीवरचे सगळे कामगार आले होते. बुद्धवंदना चालू असताना मालकाचा मुकादम मोटारसायकलवर आला. दुपारची पाळी सुरू करायची आहे, नाही आलात तर आजची रोजी कापली जाईल, असा निरोप त्यानं मोठ्यानं सांगितला.

कुणी मागं वळून पाहिलं नाही. पुढच्या रांगेतली एक बाई तेवढी म्हणाली, "काप."

त्या दिवशी भट्टी पेटली नाही.