चुन्याच्या रेघेतली सावली

सडक अर्जुनीच्या बाजारात नंदाबाई ढिवरीण मासळी विकायची. मासळीचा वास तिला कधी आला नाही. वास यायचा तो गिऱ्हाइकांचा. कुणी तोंडातलं पान गालात सरकवत टोपलीवर वाकायचं, "काऊन वो नंदा, सकारीच लावली का मोहाची?" आणि पानाच्या पिंकेचा एक थेंब नेमका मरळीवर. तो पदरानं पुसून नंदाबाई पदराकडे अशी बघायची, की आता हा जाळावाच लागणार.

मोहाची दारू तिनं जन्मात चाखली नव्हती. सकाळी तिचे डोळे टक्क उघडे असायचे. ऊन चढलं की उजेड टोचायला लागायचा, पापण्या जडावायच्या आणि दुपारी दोन्ही पडदे खाली. मग मान मागे टाकून ती फटीतून बघायची, त्यामुळे भलतीच तोऱ्यात दिसायची. शेजारच्या शकुंतलाबाईनं लसूण चावून ती थुंकी तिच्या डोळ्यांत सोडली होती, वर "थांब ना माय, जरासंच झोंबते!" गोंदियाच्या डॉक्टरानं मात्र नीट तपासलं. "बाई, आंख ठीक है. पट्ठों की, मतलब स्नायू की बीमारी है. पलक उठानेवाला पट्ठा थक जाता है. उजाला चुभेगा, धूप से बचो." औषध विचारलं तर म्हणाला, "छांव."

तेव्हापासून बाजारातली चिंच हेच तिचं औषध. सावली सरकेल तशी टोपली सरकायची, दिवसातून चारदा. लोक म्हणत, "हिचं बूड काई एका जागी टिकत नाई."

एकोणीसशे सत्तावन्नच्या उन्हाळ्यात बाजाराचा ठेका केशोरावनं घेतला. त्याच्या प्रत्येक वाक्यात 'नियमानं' असायचं. "नियमानं बसाचं, नियमानं उठाचं." नाकसुद्धा तो नियमानं शिंकरायचा, बोटांनी, आणि बोटं चिंचेच्या खोडाला पुसायचा. चिंचेची सावली त्यानं जिलेबीवाल्या टेकचंदला देऊन टाकली. सकाळी आठला चुन्याची बादली घेऊन आला आणि जमिनीवरच्या सावलीच्या कडेनं, फांदीफांदीची वळणं घेत, पांढरी रेघ मारली.

"ही टेकचंदची. अंदर कोनी पाय नाई टाकाचा."

नंदाबाईनं टोपली उचलली. दिवसभर उन्हात बसायचं तर मिटल्या डोळ्यांनी धंदा कसा होणार? आणि धंदा गेला तर खायचं काय?

"मंग मी कुठी बसू गा?"

"तिकडं." केशोरावनं झाडाच्या पूर्वेचा उघडा तुकडा दाखवला. "नियमानं."

नंदाबाईनं तो तुकडा पाहिला, रेघ पाहिली, वर सूर्य पाहिला. टोपली तिथं नेऊन ठेवली.

बारा वाजता जीव नकोसा झाला. डोक्यावर ओलं पोतं, डोळे बंद, मासळीची पारख बोटांनी. एका गिऱ्हाइकानं आधी घेतलेली मेलेली मरळ हळूच टोपलीत टाकून जिवंत उचलली. "ठेव खाली, मुडद्या!" तिनं न बघता मनगट धरलं.

दोनला सावली खोडाच्या पूर्वेला निघाली आणि तिच्या पायांवर आली. तीनला टोपलीवर. चुन्याच्या रेघेत टेकचंद भर उन्हात तळत होता. नाकावरून घाम टपटप कढईत, पाकावर माश्यांचा थर.

"ए मौसी, सरको ना! सावली तो हमारी है."

"तुयी सावली रेघेत पाह!"

टेकचंदनं केशोरावला हाक मारली. केशोराव आला, तिचे मिटलेले डोळे पाहिले. "पिऊन झोपून राहिली ही!" म्हणत त्यानं बोटानं तिची पापणी वर ओढली. उजेड काट्यासारखा आत घुसला. नंदाबाईनं मासळीच्या हातानं ते बोट दूर केलं.

"बोट नको लावू, केशोराव! याच बोटानं सकारी नाक शिंकरलं तू. अन् मी रेघेच्या बाहेर आहो. तूच बसवलं, नियमानं!"

बाजार खदाखदा हसला. "मंग मार ना गा दुसरी रेघ!" कुणी ओरडलं. "बादली घेऊन सावलीच्या मांगं फिर दिवसभर!"

केशोराव बोट धोतराला पुसत निघून गेला. टेकचंदनं पानावर दोन जिलेब्या आणल्या. आवाज एकदम गोड. "मौसी, आधी छांव तुम रखो, आधी हमें दे दो."

तिनं स्वतःच्या बोटानं एक पापणी उचलून पानाकडे पाहिलं. पाकात रुतलेली एक माशी अजून पाय हलवत होती.

"घेऊन जाय तुया जिलेब्या."

मग लोट्यातलं पाणी ओंजळीत घेऊन केशोरावचं बोट लागलेला डोळा धुतला, परत धुतला. तिसऱ्यांदा धुताना गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तरी ती थांबली नाही.