शिरसाठकाकांची दोन मिनिटं

काळावर कुणाचीही सत्ता चालत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत शिरसाठकाकांची थोडीफार चालत असे.

'मिनिट' हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला, पण येताना साठ सेकंद तिकडेच विसरला, असं त्यांचं मत होतं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात त्यांची सगळी नोकरी शिफ्टमध्ये गेलेली. कॉलनीच्या कार्यक्रमात पाहुणा 'मी फक्त दोन मिनिटं घेतो' म्हणाला, की पहिल्या रांगेतले काका मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवत. नेहमीचे पाहुणे मग दुसऱ्या रांगेकडे बघून बोलू लागले.

गेटजवळच्या अन्वर टेलरशी त्यांचं रोजचं भांडण.

"बसा काका, दोन मिनिटांत बटण लावतो."

काका बसत. थोड्या वेळाने म्हणत, "झाली की रे अन्वर."

"ती तुमच्या घड्याळातली झाली, काका. माझी अजून सुरू कुठं झाली?"

काकू गेल्या तेव्हा कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. अध्यक्षांनी दोन मिनिटं मौन पाळायला सांगितलं आणि सगळ्यांचे डोळे नीट मिटायच्या आतच 'ओम शांती' म्हटलं. खुर्च्या सरकल्या. काका मात्र डोळे मिटून उभेच राहिले. बसलेले लोक ओशाळून पुन्हा उठले.

घरी सोडताना मी म्हटलं, "काका, बसायचं ना."

"तिच्या वाटची राहिली होती अजून." मग जिना चढता चढता म्हणाले, "माझ्या वेळी तू घड्याळ बघ. जास्त नको. पण कमी करू देऊ नकोस."

ती वेळ गेल्या वर्षी आली. तोच हॉल, तेच अध्यक्ष. मी घड्याळावर नजर ठेवून उभा होतो. मध्येच अध्यक्षांनी घसा साफ केला. मी पुढे व्हायच्या आत शेजारच्या अन्वरने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"साहेब, अजून आहेत."

कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. एकजण खोकला. बाहेर एक रिक्षा थांबली, भाड्यावरून वाद झाला, मिटला, रिक्षा गेली. दोन मिनिटं एवढी लांब असतात, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी मान हलवली, तेव्हा कुठे अन्वरने हात काढला.

मग नगरसेवक माईककडे आले. "मी फक्त दोन मिनिटं घेतो," म्हणाले.

चहा दोनदा गरम करावा लागला.