मेघाचं नाव कुणी घेऊ नये

चितेगाव मागं टाकून पैठण रस्त्यानं पुढं गेलं की कौडवाडीचा फाटा लागतो. फाट्यालाच ग्रामीण रुग्णालय आहे. गावातली जुनी माणसं त्याला अजूनही पारूबाईचा दवाखाना म्हणतात. पारूबाई डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. आधी शेतमजुरी करायची, पुढं चितेगावच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. पण दवाखाना मंजूर व्हावा म्हणून ज्या बायका भर उन्हात पैठण रस्त्यावर बसल्या होत्या, त्यांच्यात ती पुढं होती. राजकुमार तेव्हा तान्हा होता. पोलिसांनी उचलून गाडीत घातलं तेव्हा ती त्याला पाजत होती, आणि तशीच पाजत पाजत ठाण्यात गेली.

बसलेल्यांत बौद्धवाड्यातल्या बायका जास्त, पण त्या एकट्या नव्हत्या. काकासाहेब म्हणून गावात मोठे बागायतदार. त्यांची आई वेळेवर इलाज मिळाला नाही म्हणून बैलगाडीतच गेली होती. त्यांनी फाट्याजवळचं रान दवाखान्यासाठी सरकारला लिहून दिलं आणि स्वतः येऊन रस्त्यावर मांडी घातली. पारूबाई आणि काकासाहेब त्याआधी कधी एका पंगतीला बसले नव्हते. दवाखाना उभा राहिला, आणि मग वाटेत भेट झाली की ते थांबून तिला रामराम घालत, ती त्यांना जयभीम घाली.

संविधान दिनाला विहारात प्रास्ताविका वाचतात. पारूबाई वाचत नसे, तिला पाठच होती. सरकारी दवाखाना हा कुणाचा उपकार नाही, ते आपल्याला लिहून दिलेलं आहे, असं ती सगळ्यांना सांगायची. दवाखान्यात कुणी नर्स एखाद्या म्हातारीवर खेकसली की पारूबाई तिथं जाऊन उभी राहायची. भांडायची नाही. नुसती उभी राहायची, आणि नर्सचा आवाज खाली यायचा.

राजकुमार मोठा झाला, शेंद्र्याला एका कंपनीत लागला. महानुभाव आश्रमाच्या चौकात कंपनीची बस येते, तिथपर्यंत मोटारसायकलनं जायचं. लग्न झालं ते लासूर स्टेशनच्या मेघाशी. मेघा बारावी झालेली, बोलकी, हसली की पदरानं तोंड झाकणारी. सासूला फोनवर बोटानं अक्षरं कशी मोठी करायची ते तिनंच शिकवलं. दोघी संध्याकाळी भाकरी थापत असल्या की घरातून हसण्याचे आवाज यायचे, आणि शेजारणी म्हणायच्या, हे सासू-सुनेचं घर वाटत नाही.

मेघाला दिवस गेले. सातवा महिना लागला तसं राजकुमार म्हणायला लागला की शहरात एखाद्या खासगी दवाखान्यात नाव घालू. कंपनीतल्या सोबत्यानं त्याला चांगली जागा सांगितली होती. पारूबाई म्हणाली, आपला दवाखाना असताना दुसऱ्याच्या दारात कशाला? राजकुमारनं एकदा म्हणून पाहिलं, दोनदा म्हणून पाहिलं. मेघा मधेच म्हणाली, आई म्हणतात तिथंच जाऊ, घरापासून जवळ पडतंय.

मुलगी झाली, सकाळच्या वेळी, नीट रडली. मेघाचं रक्त मात्र थांबेना. बाळंतपण करणारी नर्स जाणती होती, तिनं हाताशी होतं ते सगळं केलं. बायकांच्या डॉक्टरची जागा बरेच महिने रिकामी होती. दुसऱ्या गावचे डॉक्टर एक दिवसाआड येत, आणि तो त्यांचा दिवस नव्हता. रक्त ठेवायची सोय नव्हती. दवाखान्याची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. काकासाहेबांना निरोप गेला, त्यांची जीप आली. पारूबाईनं मेघाचं डोकं मांडीवर घेतलं. मेघा एकदाच बोलली, थंडी वाजतेय म्हणाली. पारूबाईनं आपलं लुगडं सोडून तिच्यावर घातलं आणि परकरावर बसून राहिली. शहर दिसायला लागलं तोवर मेघा गेली होती.

राजकुमार आईला काही बोलला नाही. रागावला असता, ओरडला असता, तर पारूबाईला सोसवलं असतं. तो कामावर जाऊ लागला, परत येऊन मुलीला घेऊन बसू लागला. मुलीचं नाव सोनिया ठेवलं, ते मेघानं आधीच ठरवलेलं होतं. घरात बोलणं फक्त त्या पोरीशी व्हायचं. आई आणि मुलगा दोघंही तिच्याशी बोलत, एकमेकांशी नाही.

सोनिया चालायला लागली त्या सुमाराला बातमी आली की सरकार कौडवाडीचा दवाखाना एका खासगी ट्रस्टला चालवायला देणार आहे. इमारत तीच, जागा तीच, पण डॉक्टर, मशिनं, कारभार सगळा ट्रस्टचा. सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड असेल त्याला फुकट, नसेल त्याला ट्रस्टच्या दरानं. गावाचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी ठेवली होती.

पारूबाई दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरू लागली. दवाखाना आजारी पडलाय, म्हणून तो परक्याच्या दारात टाकून यायचा का, असं विचारू लागली. लोक ऐकून घेत. काही जण हो म्हणत, काही जण तिच्या तोंडाकडं बघून गप्प राहत. ते गप्प राहणं तिला कळत होतं.

एका संध्याकाळी राजकुमार कामावरून आला आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

"आई, तू कुणासाठी फिरतीस?" त्यानं विचारलं.

"गावासाठी."

"ट्रस्टचा डॉक्टर असता तर मेघा वाचली असती का नाय, तेवढं सांग."

पारूबाई म्हणाली, "वाचली असती. पण सरकारचा असता तरी वाचली असती. जागा भरली नाय, ह्ये पाप त्यांचं हाय. पाप करणाऱ्यालाच मोकळं सोडायचं का?"

"मला कुणाला धरायचं नाय अन् सोडायचं नाय. मला डॉक्टर पायजे होता. तुझं संविधान त्या जीपमधी नव्हतं आई."

एवढं बोलून तो आत गेला. पारूबाई रात्री जेवली नाही. पण सकाळी उठून ती पुन्हा लोकांकडं गेली.

सुनावणी शाळेच्या पटांगणात मांडवाखाली झाली. गाव लोटलं होतं. साहेब लोक खुर्च्यांवर, बाकी सतरंजीवर. ट्रस्टकडून एक वकील आले होते, मध्यमवयीन, शांत आवाजाचे. त्यांनी सुरुवातच प्रास्ताविकेनं केली. आम्ही भारताचे लोक असं म्हणतो, म्हणजे सगळी जबाबदारी सरकारवर टाकून मोकळं होत नाही, असं ते म्हणाले. सामाजिक न्याय कागदावर नको, खाटेवर हवा. लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य आहे असं सत्तेचाळिसावं कलम सांगतं, पण ते कर्तव्य कुणाच्या हातानं पार पाडायचं हे सांगत नाही. आणि ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्यावर कोर्टात दावा लागत नाही. बोलणं मुद्देसूद होतं. लोक माना डोलवत होते.

मग ते म्हणाले, "याच दवाखान्यात मेघा नावाची एक तरुण आई डॉक्टरविना गेली. तिच्या मुलीला आपण काय उत्तर देणार आहोत?"

राजकुमार मागं खांबाला टेकून उभा होता. त्याची मान वर झाली. तिचं नाव घेऊ का, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पारूबाईला बोलायला बोलावलं. तिनं घरून ठरवून आणलेलं सगळं त्या एका नावानं विस्कटलं होतं. ती म्हणाली की कर्तव्य कुणाच्या हातानं करायचं ते लिहिलेलं नसेल, पण कर्तव्य कुणाचं ते लिहिलेलं आहे. उद्या ट्रस्टचा डॉक्टर आला नाही तर आम्ही कुणाच्या पुढं जाऊन बसायचं? सरकारला आम्ही मत देतो, त्याच्या रस्त्यावर बसू शकतो. ट्रस्टच्या दारात आम्ही गिऱ्हाईक. इथवर ती ठीक बोलली. मग आवाज चढला आणि ती म्हणाली, "मेघा माझी सून होती. जागा भरली असती तर माझी मेघा..."

"आई, बस."

राजकुमार मागून पुढं आला होता. त्याच्या हातात माईक नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तो आधी वकिलांकडं बघून बोलला, मग आईकडं.

"तुमी बी तिचं नाव घेऊ नका, अन् आई, तू बी नको घेऊ. ती तुमच्या कुणाच्याच बाजूनं नव्हती. तिला घराजवळ बाळंत व्हायचं होतं, एवढंच तिचं म्हणणं होतं."

आणि तो मांडवाबाहेर निघून गेला. साहेबांनी पुढचं नाव पुकारलं. काकासाहेब उठले. त्यांनी दोन-तीन वाक्यांत सांगितलं की आपण रस्त्यावर बसलो त्याला जमाना झाला, आता बसायची ताकद नाही, गावाला डॉक्टर मिळत असेल तर मिळू द्या. बोलताना त्यांनी पारूबाईकडं पाहिलं नाही. पुढं त्यांच्या पुतण्याला दवाखान्यातल्या कँटिनचं काम मिळालं, पण ते त्याच कारणानं तसं बोलले असं पारूबाई कधी म्हणाली नाही. आईला बैलगाडीत घालून नेलेला माणूस आहे तो, असंच ती म्हणायची.

दवाखाना ट्रस्टकडं गेला.

पहिले महिने बरे गेले, ते नाकारण्यात अर्थ नाही. भिंती धुतल्या, डॉक्टर आले, बायकांची डॉक्टर रोज बसू लागली. गावात बाळंतपणं सुखानं झाली. पारूबाईनं स्वतः दोन बायकांना तिथं पोचवलं आणि त्या बाळासकट घरी आल्या तेव्हा तिनं राजकुमारला सांगितलं, तुझं बरोबर होतं. तो म्हणाला, बरोबर असून काय करू.

मग हळूहळू एकेक गोष्ट बदलत गेली. कार्ड नसलेल्यांची वेगळी खिडकी झाली. पुढं ती दुपारनंतर बंद राहू लागली. योजनेत न बसणारे आजार शहरात पाठवू लागले. कुणी ओरडत नव्हतं, कुणाला हाकलत नव्हतं. सगळे गोड बोलायचे.

लीलाबाई त्याच सुमारास गेली. ती विधवा बाई, दुसऱ्या तालुक्यातून मजुरीला आलेली, सोयाबीनच्या मळणी यंत्रावर काम करायची. तिला दमा होता. एका दुपारी यंत्राच्या धुरोळ्यानं तिला श्वास घेता येईना. सोबतच्या बायका तिला धरून पारूबाईच्या दारात आल्या. राजकुमारला सुट्टी होती. त्यानं मोटारसायकल काढली, मधे लीलाबाई, मागं पारूबाई तिला कवळून, असे ते फाट्यावर पोचले.

कार्ड नसलेल्यांची खिडकी बंद होती. दुसऱ्या खिडकीतल्या मुलीनं कार्ड मागितलं. लीलाबाईचं नाव तिच्या गावच्या रेशनकार्डातूनही उडालेलं, तिच्याजवळ कसलं कार्ड असणार? मग पैसे भरा म्हणाली. पारूबाईनं आधी वाफ द्या, नळी लावा, मग काय ते बघू, असं हात जोडून सांगितलं. मुलगी वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, "आजी, नाव घातल्याशिवाय कॉम्प्युटर पुढंच जात नाही. मी वरच्या सरांना बोलावते." राजकुमार आत शिरायला गेला, वॉचमननं त्याला अडवलं, दोघांची झोंबाझोंबी झाली. सर खाली आले तोवर लीलाबाई बाकावर पारूबाईच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. पारूबाईला आधीच कळलं होतं. तिनं कुणाला सांगितलं नाही, सर जवळ येईपर्यंत ती तशीच बसून राहिली, कारण हललं की ते डोकं पडलं असतं.

गावातल्या काही लोकांनी शहरातल्या तनुजा नावाच्या वकील मुलीला गाठून कोर्टात याचिका घालायचं ठरवलं. मार्गदर्शक तत्त्वावर दावा लागत नसेल, पण जगण्याचा हक्क मूलभूत आहे आणि आरोग्य त्याच्यात येतं असं न्यायालयांनी मानलेलं आहे, असं तिनं समजावून सांगितलं. पारूबाई तिच्या ऑफिसात गेली, लीलाबाईचं सगळं सांगितलं. मेघाबद्दल तनुजानं विचारलं तेव्हा म्हणाली, त्याबद्दल मला बोलायची परवानगी नाही.

आठवड्याभरानं राजकुमार स्वतः तिथं गेला. सोबत आईला घेऊन गेला. त्यानं सांगितलं की मेघाचं मी लिहून देतो, पण दोन्ही लिहा. दवाखाना सरकारचा होता तेव्हा डॉक्टर नव्हता, ट्रस्टचा झाला तेव्हा दार नव्हतं. तनुजा म्हणाली की पहिली गोष्ट लिहिली तर समोरचे वकील तीच उचलतील, आपली बाजू लंगडी पडेल.

"पडू द्या," राजकुमार म्हणाला. "अर्धं सांगायचं असलं तर तिचं नाव नको."

तनुजानं पारूबाईकडं पाहिलं. पारूबाई म्हणाली, "तो म्हणतोय तसंच घाला."

तसंच घातलं. आणि तनुजा म्हणाली होती तसंच झालं. समोरच्या बाजूनं पहिली गोष्ट उचलली, पुन्हापुन्हा वाचून दाखवली. याचिका अजून चालू आहे, तारखा पडतात. राजकुमार सुट्टी काढून आईला घेऊन जातो. दोघं कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसून भाकरी खातात, आणि परत येताना रस्त्यानं आता थोडंफार बोलतात, सोनियाच्या शाळेचं, बसच्या वेळेचं. त्या जुन्या वादावर मात्र दोघांचं अजून जमलेलं नाही. राजकुमार म्हणतो, चालवणारा कुणी का असेना, खिडकी उघडी पाहिजे. पारूबाई म्हणते, ज्याला खाली खेचता येत नाही त्याची खिडकी कधीही बंद होणार.

गावात कार्ड नसलेल्या कुणाला धाप लागली, कुणाचं पोट दुखू लागलं, की माणसं फाट्याकडं वळत नाहीत, आधी पारूबाईच्या घरी येतात. ती काही करू शकत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. ती लुगड्याचा पदर खोचते, सोनियाला शेजारी ठेवते आणि मिळेल त्या गाडीत त्यांच्यासोबत शहरातल्या सरकारी दवाखान्याकडं निघते. काही जण पोचतात, काही जण पोचत नाहीत.