राष्ट्रगीतानंतरचा वॉल्ट्झ

लंडनच्या किलबर्नमध्ये आम्हा आयरिश लोकांत मॅलकी कॉन्सिडाइनला न ओळखणारा माणूस एकतर नुकताच बोटीतून उतरलेला असायचा, नाहीतर ठार बहिरा. आठवडाभर तो भिंतींना गिलावा करी आणि शनिवारी शॅनन बॉलरूमच्या स्टेजवर बसून पेटी वाजवी. पेटी म्हणजे बटनांचं अकॉर्डियन. आयर्लंडातल्या क्लेअरहून लंडनला येताना त्यानं एका हातात ती आणली होती आणि दुसऱ्या हातात आईनं बांधून दिलेला पाव. पाव बोटीतच संपला, पेटी तेवढी टिकली.

त्याची बोटं चांगली होती, पण शॅननच्या मॅनेजरचा जीव होता तो त्याच्या नजरेवर. मायो आणि केरी या दोन परगण्यांची पोरं एका हॉलमध्ये आली की कुणाच्या तरी पायावर कुणाचा तरी बूट पडायचाच, आणि भांडणाचा वास मॅलकीला सगळ्यांच्या आधी लागे. अशा वेळी आमच्याकडे एकच औषध होतं. बँडनं चालू नाच तिथल्या तिथं टाकायचा आणि आयर्लंडचं राष्ट्रगीत सुरू करायचं. मग कॉलर धरलेला हात सुटे, उगारलेली मूठ खाली येई, आणि नाकातून रक्त वाहणारा गडीसुद्धा टाचा जुळवून ताठ उभा राही. दाराशी मोसी हॅनराहन नावाचा आडदांड माणूस राखणीला असे. तोही तसाच उभा राही, बखोटीला धरलेल्या पोराला न सोडता.

पण हे औषध जपूनच द्यावं लागे, कारण राष्ट्रगीत म्हणजे शेवट. ते झालं की बिअरच्या नळांवर टॉवेल पडत, मोठे दिवे लागत, लोक कोट चढवत. त्यानंतर एक सूरही वाजवायचा नाही, खुद्द पाद्रीबाबांनी फर्माईश केली तरी नाही. मॅलकीनं हा नियम जन्मात मोडला नाही. फिलोमीनाला त्यानं लग्नाचं विचारलं तेसुद्धा राष्ट्रगीताच्या आधी उरकून घेतलं.

फिलोमीनाला वाजवता काहीच येत नव्हतं. भांडी घासताना ती एक वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांची नाचाची संथ चाल, गुणगुणे, तिच्या आईकडून आलेला. त्याला नाव नव्हतं, म्हणून मॅलकी त्याला ‘फिलोमीनाचा’ म्हणे. त्यानं तो पेटीवर बसवला, आणि मुलगी ब्रीज हातात फिडल, म्हणजे व्हायोलिन, धरण्याएवढी झाल्यावर तिला शिकवला. रविवारी चर्चहून आलं की बेकन शिजेपर्यंत बापलेक स्वयंपाकघरात तो वाजवत बसत, आणि फिलोमीना पातेल्यावर चमच्यानं भलताच ठेका धरी.

ब्रीज एकोणीस वर्षांची असताना फिलोमीना गेली. आमच्यात वाजवणाऱ्याच्या घरी कुणी गेलं की वर्षभर वाद्याला हात लावत नाहीत. मॅलकीनं पेटी बंद करून कपाटावर ठेवली, ब्रीजची फिडलही शेजारी ठेवली आणि खाली बसला. रेडिओसुद्धा लावला नाही. महिन्याभरानं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं की तुझी पोरगी कॅम्डनच्या एका पबमध्ये विजेची गिटार घेऊन बेंबीच्या देठापासून ओरडते, आणि केस साळिंदरासारखे करून घेतलेत.

"मम्मीची माती अजून ओली आहे," तो तिला म्हणाला.

"म्हणूनच," ब्रीज म्हणाली.

या उत्तराचा अर्थ त्याला लागला नाही. मग बोलाचाली झाली, तोंडाला येईल ते बोललं गेलं, आणि ब्रीज बॅग उचलून निघून गेली. वर्ष सरलं तरी पेटी काही खाली आली नाही. नाताळात कार्ड येई, कधी फोन येई, आणि दोघं हवापाण्याबद्दल बोलत. आपण नक्की कशावर रागावलो आहोत हेही हळूहळू मॅलकीला आठवेनासं झालं. पोरगी घरी यावी एवढंच वाटत राही, आणि ते फोनवर कसं म्हणतात ते त्याला येत नव्हतं.

तीन नाताळ असे गेले. मग एका रविवारी, बेकनला नुकती उकळी फुटली असताना, ब्रीज दारात उभी. कानात चार रिंगा, पायात त्याच्या कामावरच्या बुटांसारखेच बूट.

"आत येऊ का?"

"दार काय मी हवेसाठी उघडलंय? ये."

ती बसली, बटाटा खाल्ला, दुसरा घेतला. मग म्हणाली, "डॅडी, आमच्या पेटीवाल्याचं मनगट मोडलं. स्टेजवरून पडला येडा. येत्या शनिवारी मोसीच्या पबमागच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे. तू येशील?"

"ऐकायला?"

"वाजवायला."

मॅलकीनं काटा खाली ठेवला. "तुमचं ते... त्याला काय म्हणतात?"

"बँडचं नाव राँग पॅरिश. जे वाजवतो त्याला काय म्हणायचं ते तू ठरव. नाचाच्या जिग आहेत, रील आहेत, तुझ्याच आहेत सगळ्या. फक्त जरा जोरात."

हो म्हणताना त्याला त्यातलं अवाक्षर कळलं नव्हतं. पण ती दोन बटाटे खाऊन निघाली होती, आणि शनिवारपर्यंत पुन्हा येणार होती. पेटी कपाटावरून खाली आली. भात्याच्या घडीत धूळ बसली होती. ती त्यानं दाढीच्या ब्रशनं काढली.

तालीम एका गॅरेजात होती. ड्रमवाला डेक्लन जन्मानं लंडनचा, पण सदऱ्यावर भला मोठा शॅमरॉक, आयर्लंडची खूण असलेलं ते तीन पानांचं गवत. मॅलकीनं आयर्लंडात एवढा मोठा शॅमरॉक उभ्या हयातीत पाहिला नव्हता.

"मी कधी यायचं?" मॅलकीनं विचारलं.

"या की मनाला येईल तेव्हा, मिस्टर कॉन्सिडाइन."

"आणि थांबायचं कधी?"

"ते अजून आम्हालाही जमलेलं नाही," डेक्लन म्हणाला आणि त्यानं ड्रम बडवायला सुरुवात केली.

धून ओळखीची निघाली. त्याच्या वडलांची रील होती, पण मागं कुत्रं लागल्यासारखी पळत होती. बोटं आपसूक पळाली, डोकं मागं राहिलं. ब्रीज माइकला तोंड लावून ओरडत होती, बोटीबद्दल, पावसातल्या खणतीबद्दल, भाड्याचं घर नाकारलं गेलेल्या माणसांबद्दल. हे सगळं तर त्याच्यावर गुदरलं होतं. ही कशाला चिडली आहे? त्याला राग यावा की अभिमान वाटावा, काही ठरेना.

शेवटी ब्रीज त्याच्याकडे न बघता म्हणाली, "शेवटचं गाणं वॉल्ट्झवरनं सुरू होतं. मम्मीच्या. आधी तू एकटा, मग आम्ही सगळे. आज नको, एकदम शनिवारीच वाजवू."

मॅलकीनं पेटी मिटली. मम्मीचा वॉल्ट्झ, ड्रमखाली? पण तो दोघांनी मिळून वाजवायचा होता, आणि इतक्या दिवसांत त्यानं मनात दुसरं काही मागितलं नव्हतं. शनिवारपर्यंत तो स्वयंपाकघरात बसून तेवढा एक वॉल्ट्झ घोटत राहिला.

शनिवारी हॉल भरला. पुढं साळिंदराच्या केसांची पोरं, मागं भिंतीला लागून शॅननच्या काळातली जुनी खोडं आणि त्यांच्या बायका, खास मॅलकीला ऐकायला आलेली. बारमागं मोसी हॅनराहन, आता पबचा मालक आणि पोट सुटलेला. त्यानं मॅलकीला डोळा मारला. मॅलकी चर्चचा सूट घालून आला होता. ब्रीजनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "टाय राहू दे," ती म्हणाली. "शोभतोय." त्यावर त्याला एवढं बरं वाटलं की हातांचं काय करावं ते कळेना.

पहिली रील सुरू झाली आणि पुढच्या पोरांनी उड्या मारायला सुरुवात केली. ठीक आहे, मॅलकीनं मनाशी म्हटलं, नाचतायत. दुसऱ्या गाण्याला ती एकमेकांवर आदळू लागली. खांद्याला खांदा, छातीला छाती. तिसऱ्याला एक लाल केसांचा पोरगा खाली पडला, त्याच्यावर दोघं पडले, आणि तो उठला तेव्हा त्याच्या नाकातून रक्त वाहत होतं. एकानं त्याची कॉलर धरली होती. मॅलकीनं ब्रीजकडे पाहिलं, तिचे डोळे मिटलेले. डेक्लनकडे पाहिलं, तो खिदळत होता. पोरगी स्टेजच्या अगदी कडेला उभी, आणि गर्दीचा लोंढा तिच्याकडेच येत होता.

डोकं विचार करत होतं की नाही कोण जाणे, बोटांनी केला. चालू रील तिथंच टाकून मॅलकी उभा राहिला, भाता पुरता उघडला आणि राष्ट्रगीत सुरू केलं.

मागच्या भिंतीपाशी सगळे खाडकन उभे राहिले. हातातले ग्लास खाली, टाचा जुळलेल्या. बारमागं मोसी ताठ झाला. पुढची पोरं मात्र अवाक. काहींना हे गाण्याचंच कडवं वाटलं, त्यांनी आणखी जोरात उड्या मारल्या. काही आपल्या बापांना ताठ उभं पाहून अर्ध्या उडीत थांबली. रक्ताळलेल्या पोराची कॉलर धरणारा त्याला आपल्या रुमालानं पुसत होता, आणि मॅलकीच्या ध्यानात आलं की त्यानं कॉलर धरली होती ती त्याला उचलायला. पण राष्ट्रगीत अर्ध्यावर सोडता येत नाही. मॅलकीनं ते शेवटपर्यंत वाजवलं.

शेवटचा सूर विरला आणि मोसीनं नळांवर टॉवेल टाकले. मोठे दिवे लागले. म्हाताऱ्यांनी कोट चढवायला घेतले.

"मोसी, अरे आत्ता कुठं सुरू झालंय!" डेक्लन ओरडला.

"राष्ट्रगीत झालं की झालं," मोसी म्हणाला. "नियम माझा नाही."

मॅलकीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतक्या खटपटीनं जवळ आलेली पोर, आणि तिचा कार्यक्रम आपण आपल्या हातानं गुंडाळला. तो पेटीचे पट्टे सोडू लागला.

"काय केलंस हे, डॅडी?" ब्रीज त्याच्यासमोर उभी होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले.

"मारामारी होती ना."

"नाच होता तो!"

"त्याचं नाक फुटलं."

"मग? त्यांनी उचललं ना त्याला? पडला की उचलायचं, एवढा एकच नियम आहे आमच्यात." तिचा आवाज फाटला. "मम्मी गेली तेव्हा तू पेटी मिटलीस, माझी फिडलसुद्धा वर ठेवलीस. घरात चमचा वाजेना. मी पडले होते, डॅडी. मला उचललं कुणी? या येड्यांनी."

हॉलमध्ये सगळे ऐकत होते, एक हात कोटाच्या बाहीत आणि एक बाहेर. मॅलकीला वाटलं काहीतरी बोलावं. आमच्यात तसंच करतात म्हणावं, वर्षभर शोक पाळतात म्हणावं. पण वर्ष तर केव्हाच उलटून गेलं होतं, आणि ती म्हणत होती ते खरं होतं. त्याला तिची फार दया आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"वॉल्ट्झ राहिला," तो म्हणाला.

"राहिला," ब्रीज म्हणाली. "तुझं राष्ट्रगीत झालं ना."

मॅलकीनं मोसीकडे पाहिलं. मोसीनं एकदम छताकडे नजर वळवली, पंख्याला काही झालंय की काय अशी. मॅलकीनं पेटीचे पट्टे पुन्हा खांद्यावर चढवले आणि दिव्यांच्या लख्ख उजेडात फिलोमीनाचा वॉल्ट्झ सुरू केला. मागून कुणीतरी, "अरे देवा!" म्हणालं. ब्रीजनं गिटार उचलली नाही. ती नुसती गुणगुणू लागली, आणि मॅलकीच्या डोळ्यांना धारा लागल्या, कारण ती भांडी घासतानाचीच गुणगुण होती. मग डेक्लननं ड्रमच्या काठावर ठेका धरला, अगदी भलताच.

आणि मग सगळ्यांची वाद्यं एकदम पळत सुटली. मॅलकीची पेटीही पळाली. पोरं पुन्हा आदळू लागली. कोट घातलेल्या एका म्हातारीला कुणीतरी हळूच मध्ये ओढून घेतलं. हा नाच की शोक, हे मॅलकीला शेवटपर्यंत समजलं नाही. त्यानं वाकून ब्रीजला विचारलंही. "मलापण नाही माहीत, तू वाजव," ती म्हणाली.

वाजवता वाजवता एक अडचण सगळ्यांच्याच लक्षात आली. मोसी हातात टॉवेल घेऊन तसाच उभा होता, लोक अर्ध्या कोटात होते. राष्ट्रगीत आधीच होऊन गेलं होतं, त्यामुळे आता थांबायचं कसं हे हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. मॅलकीनं मान वळवून पोरीकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच ‘पुन्हा पहिल्यापासून’ म्हटलं, आणि त्यानं भाता उघडला.