बाटलीवर दहा लिहिलं होतं

अकरा वह्या, आणि अकराही वह्यांत पाण्याचं तापमान पंचवीस. मे महिना, मुरारचं आमचं ट्रेनिंग सेंटर, पंखा गरम हवा फेकतोय, टाकीच्या पाण्यात हात घालवत नाही. आणि म्हणे पंचवीस!

"पूजा, थर्मामीटर किती दाखवतोय?"

"एक्केचाळीस, मॅडम."

"मग हे काय लिहिलंस?"

"किताब में रूम टेम्परेचर पच्चीस है न. थर्मामीटर खराब असेल."

मी थक्क झाले. पोरीने आकडा बरोबर वाचला होता, आणि तरी पुस्तकातला लिहिला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, शाळेत प्रॅक्टिकल म्हणजे मागच्या वर्षीची फाइल उतरवून काढणं. उपकरणं कपाटात, कपाटाला कुलूप. फाइलपेक्षा वेगळं रीडिंग लिहिलं की मार्क कट.

मी तीस वर्षं कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. रिटायर झाल्यावर किला गेटजवळच्या वस्तीतल्या मुलींना लॅब टेक्निशियनच्या कामासाठी तयार करते. आठ दिवसांनी एका डेअरीत टेस्ट होती, जागा एक. पूजाच्या वडिलांची छाती दगडाच्या धुळीने गेलेली, ते घरीच असतात. ही नोकरी हुकली तर तिने आईबरोबर भांड्यांच्या कामाला जायचं, हे घरात ठरलेलं होतं.

मी पुस्तकं बंद केली. पेन्सिली आणि खोडरबर जप्त. जे दिसेल तेच, पेनाने. मुली माझ्यावर चिडल्या, मीही त्यांच्यावर ओरडले.

टेस्टमध्ये हायपोक्लोराइटची बाटली दिली. म्हणजे पाणी निर्जंतुक करायचं औषध. ते किती तेज आहे हे टायट्रेशनने बघतात: नमुन्याचा निळा रंग जाईपर्यंत दुसरं द्रावण थेंबथेंब सोडायचं, किती लागलं त्यावरून हिशेब करायचा. बाटलीवर लेबल होतं, दहा टक्के.

डेअरीच्या लॅबचे प्रमुख भिसे माझ्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी कागद चाळले.

"ताई, दहा जणींचं बरोबर आहे, नेमकं दहा. ह्या पूजाने गडबड केली न. पाच पॉइंट नऊ!"

माझं तोंड उतरलं. दहा जणींसाठी उतरलं, हे भिशांना कळलं नाही. त्यांनी पूजाला बोलावलं. माणूस वाईट नाही, त्यांनी तिला संधीच दिली.

"बेटा, एकदा लेबल बघ. बदलायचं आहे?"

पूजाने लेबल बघितलं, मग माझ्याकडे. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

"नाही सर," ती म्हणाली. "तीन बार किया. तिन्ही वेळा तेवढंच आलं."

"भिसे, तुम्ही स्वतः करून बघा," मी म्हटलं.

ते जरा वैतागूनच उठले. पहिल्यांदा पाच पॉइंट नऊ. दुसऱ्यांदा पाच पॉइंट नऊ. बाटली आली कुठून, तर त्यांच्याच स्टोअरमधून. पत्र्याच्या शेडखाली महिनाभर पडलेली. उष्णतेने औषधाचा जोर उतरतो, हे लॅबमध्ये कोणाला शिकवावं लागत नाही. म्हणून तर ते रोज तपासायचं असतं.

भिशांनी रजिस्टर मागवलं. महिनाभर रोज एकच नोंद: दहा पॉइंट शून्य. खाली दोन सह्या, दोघेही एम.एस्सी. आणि याच औषधाच्या भरवशावर कामगारांचं पिण्याचं पाणी टाकीत भरलं जात होतं.

भिसे खुर्चीत बसले. अशा किती रजिस्टरांवर, आकडे छान सरळ आहेत म्हणून, मी तीस वर्षं न बघता सही ठोकली असेल?

टाकी त्याच दिवशी रिकामी केली. पूजा सोमवारी कामावर रुजू झाली. बाकी दहा जणी अजून माझ्याकडे शिकताहेत. आता त्यांच्या शेजारच्या बाकावर डेअरीचे दोन एम.एस्सी.ही बसतात, आणि त्यांच्याही पेन्सिली माझ्याकडे जमा आहेत.