मेव्हण्यांच्या घड्याळाचं मागचं झाकण

त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. तीस वर्षं त्यांनी लोकांचे दात बनवले. गल्लीतली निम्मी म्हातारी माणसं हसत ती त्यांच्या हातचं हसू हसत. पण त्यांचा जीव दातांत नव्हता, तो खिशात ठेवायच्या जुन्या सोन्याच्या घड्याळांत होता. अशी घड्याळं त्यांच्याकडे मोजून चार. पाचवं घ्यायची ऐपत नव्हती आणि चारांतलं एक विकायची छाती नव्हती. रोज सकाळी आधी चौघांना चावी, मग स्वतःला चहा. बायको त्यांना माझ्या चार सवती म्हणे आणि सवतींवर धूळ बसली की पदराने तीच पुसे.

पाचवं घड्याळ मात्र त्यांनी चाळीस वर्षं नुसतं पाहिलं होतं, तेही हातभर अंतरावरून. ते थोरल्या बहिणीच्या यजमानांचं. ठोके देणारं. बाजूची कळ सरकवली की किती वाजले ते बारीक किणकिणत सांगायचं. अशी घड्याळं ते बनवणाऱ्या कारखान्याने जेमतेम शंभर काढली होती. चार माणसं जमली की मेव्हणे ते बाहेर काढत, ठोके ऐकवत, आणि कवळीवाल्यांचा हात जरा पुढे आला की झाकण फटकन मिटत. म्हणत, बघायचं ते डोळ्यांनी बघ, बोटांना कसले डोळे?

मेव्हणे जाऊन वर्ष झालं आणि एक दिवस ताईचा फोन आला. नातीला बांगड्या करायच्यात, घड्याळ मोडायला काढलंय, शनिवारी चारला सोनार येतोय. मोडायचं म्हणजे आतलं यंत्र उचकटून बाजूला आणि वरचं सोनं भट्टीत. कवळीवाल्यांनी पाऊण तास विनवण्या केल्या. शेवटी ताईने अट घातली. घड्याळ अस्सल आहे, अस्सल आहे, असं ती लग्न झाल्यापासून ऐकत आली होती. तर चारच्या आत येऊन उघडून बघ. अस्सल असेल तर मोडत नाही, तूच घेऊन जा. नसेल तर बांगड्या. तू सांगशील ते खरं.

म्हणजे परीक्षेला बसणारे कवळीवाले आणि पेपर तपासणारेही कवळीवालेच.

शनिवारी तीनलाच ते ताईच्या जेवणाच्या टेबलाशी हजर. पांढरा टॉवेल अंथरला, भिंग डोळ्याला लावलं. ताई समोर बसून शेंगा सोलत होती. त्यांनी चावी दिली, वेळ लावली आणि कळ सरकवली. तीन ठोके, मग पाव तासाचा एक जोडठोका: सव्वातीन. मग चाळीस वर्षांत कधी मिळाली नव्हती ती संधी त्यांनी साधली: मागच्या झाकणाखाली नख घातलं.

त्या कारखान्याची रीत त्यांना पाठ होती. यंत्रावर जो नंबर, तोच झाकणाच्या आतल्या अंगाला. झाकणावरचा नंबर एकाने सुरू होत होता. यंत्रावरचा सहाने.

त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं. मग टॉवेलला पुसलं. मग घड्याळ उलटं करून पाहिलं. सहाचा एक काही होईना. यंत्राच्या कडेला पाहिलं तर सोनं कानशीने घासून जागा केलेली. दुसऱ्याच्या तोंडाच्या मापाची कवळी घासूनपुसून बसवावी, तसं. असलं काम ते आयुष्यभर ओळखत आले होते. आता ओळखता आली नसती तर बरं झालं असतं.

बेल वाजली. सोनार वेळेआधीच आला. त्याने चहा मागून घेतला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपला इवलासा काटा मांडला.

कवळीवाल्यांनी हिशेब केला. हे नंबर वाचू शकेल असं या घरात दुसरं कोणी नव्हतं. एक शब्द बोलायचा आणि घड्याळ खिशात. बरं, खोटं तरी कुठे बोलायचं होतं? यंत्र तर त्याच कारखान्याचं, शंभरातलं एक. मनातल्या मनात त्यांनी ते वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ते छान वाटलं.

ताईने शेंगांची परात बाजूला सारली. काय म्हणतंय, तिने विचारलं.

"यंत्र अस्सल आहे," कवळीवाले म्हणाले.

ताईचा चेहरा इतका उजळला की त्यांना खाली बघावं लागलं. ती उठली, कपाटातून घड्याळाची मखमली पेटी आणून तिने त्यांच्यापुढे ठेवली. सोनाराला म्हणाली, तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. सोनार काटा आवरू लागला. एक पारडं पिशवीत गेलं. दुसरं गेलं.

"ताई, बस जरा," कवळीवाले म्हणाले. "यंत्र खरं आहे. वरचं सोनं त्याचं नाही. कुणीतरी दुसऱ्याच्या घरात बसवलंय त्याला."

सोनाराचा हात पिशवीतच थांबला. ताई बसली. कवळीवाले नंबर दाखवायला लागले, तर तिने हातानेच नको म्हटलं.

"तुला कधी हात लावू दिला नाही ना त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटायचं, चिकटपणा. मी भांडलेसुद्धा त्यावरून."

"भावोजींना कुणीतरी फसवलं असेल गं."

"फसवलं असेल. पण कळलं होतं त्यांना."

मग तिनेच निकाल दिला: आतलं तुझं, वरचं नातीचं. सोनार चिमटा घेऊन पुढे सरकला, तसे कवळीवाले पहिल्यांदाच जरा जोरात बोलले, हात लावू नका म्हणाले. दोन स्क्रू त्यांनी स्वतः काढले, कळ सोडवली, आणि यंत्र तळहातावर घेतलं. ते उघडंवाघडं टिकटिकत होतं. रिकामं सोनं सोनाराने पुन्हा मांडलेल्या काट्यावर ठेवलं.

"नातीला यातलं काही सांगायचं नाही," ताई म्हणाली. "आजोबांच्या अस्सल घड्याळाच्या बांगड्या, एवढंच."

आयुष्यात एका नंबराबद्दलही खोटं न बोललेल्या कवळीवाल्यांनी मान डोलावली. मग दोघा भावंडांनी सोनाराकडे पाहिलं.

"मी तर आत्ताच आलो," सोनार म्हणाला, आणि त्याने चहाचा कप पुढे ओढला.